दुसऱ्या ट्रॉलीतला संसार

लोणंद, ५ जानेवारी २०२६

सौ. संयोगितास,

लालासाहेबाचा रामराम. नवऱ्यानं बायकोला पत्रात आशीर्वाद लिहायचे असतात हे मला ठाऊक आहे. पण सध्या माझे आशीर्वाद तू घेशील असं वाटत नाही, म्हणून रामरामावर भागवतो.

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या भावाला, वीरधवलला लावला तर तो म्हणाला, ताई बोलायच्या नाहीत म्हणतात. काय सांगायचं ते त्याला मागून तूच सांगत होतीस, ते मला स्वच्छ ऐकू येत होतं. असो. म्हणून हे आंतरदेशीय पत्र. अडीच रुपयांत जातं आणि मध्येच कट करता येत नाही.

तू रहिमतपूरला निघून गेलीस त्याला आज सहा दिवस झाले. भांडणात चूक कुणाची हे मी काढत बसणार नाही, फक्त झालं ते सांगतो. पलटणीतून सुटल्यावर अठरा वर्षं इथल्या कंपनीच्या गेटवर नोकरी केली, भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो, आणि शेवटी सांगलीत स्वतःचा फ्लॅट घेतला. तोही निम्म्या किमतीत. पुराचं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत आलं होतं म्हणून लोक घाबरतात, आपण तिसऱ्यावर आहोत. कृष्णामाई एवढे जिने चढणार नाही. आता एवढे पैसे वाचवल्यावर ते सामान हलवण्यात घालवायचे का, एवढाच माझा सवाल होता. पॅकिंगवाल्यांनी सव्वीस हजार सांगितले. शिवतेज ते बंगळूरहून पाठवायला तयार होता, पण लेकाचे पैसे काय झाडाला लागतात?

म्हणून मी वजन कमी करायचं ठरवलं. भंगारवाल्याला बोलावलं. तुझी जुनी घमेली, मोडका पाळणा, पितळी बंब त्याच्या काट्यावर गेला तोवर तू दारातून बघत होतीस. मग म्हणालीस, "मलाबी घाला की त्यात. तेवढंच वजन कमी व्हईल." भंगारवाला हसला नसता तर गोष्ट तिथंच मिटली असती, असं माझं मत आहे. बंब मी त्याच दिवशी परत आणला, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

बांधाबांध मी एकट्यानं सुरू केली आहे. खोकी विकत घेतलेली नाहीत. कपबश्या माझ्या जुन्या वर्दीच्या कपड्यांत गुंडाळल्या, कुकरात तांदूळ भरला, तांदळात तुझ्या बांगड्या ठेवल्या. लोणच्याची मोठी बरणी गादीत मधोमध ठेवून गादी सुतळीनं आवळली आहे. फुटायचा प्रश्नच नाही. प्रत्येक गाठोड्यावर नंबर घातला आहे.

तू नाहीस तर घर शांत आहे. एवढी शांतता मला फार मानवत नाही.

तुझा,
लालासाहेब

•

लोणंद, १० जानेवारी २०२६

सौ. संयोगितास,

रामराम. पत्राचं उत्तर आलं नाही. पोस्टानं उशीर केला असेल असं धरून चालतो.

आनंदाची बातमी आहे. गाडी ठरली, आणि ती जवळजवळ फुकट. आष्ट्याकडचा इंद्रजित नावाचा ट्रॅक्टरवाला इकडच्या ऊसतोडीवर आला होता. इकडचा ऊस संपला, म्हणून तो दोन रिकाम्या ट्रॉल्या घेऊन घराकडं निघाला आहे. सांगली त्याला पुढं थोडीच. मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, रिकामं जाण्यापेक्षा माझं सामान ने, डिझेलपुरते पैसे देतो. तो म्हणाला, "हवालदार, तुमी मिल्ट्रीतलं. तुमास्नी न्हाई कसं म्हनू?" पॅकिंगवाल्याच्या सव्वीस हजारांसमोर साडेचार हजार. तू असतीस तर तोंड वाकडं केलं असतंस, पण मनातून हिशेब पटला असता.

काल सामान चढवलं. कपाट, पलंग, फ्रीज, तुझी तुळस, सगळं मागच्या ट्रॉलीत बसलं. तुळशीला मी केबिनमध्ये जागा मागितली होती, पण इंद्रजितनं तिथं त्याचे स्पीकर लावले आहेत.

तुझ्या शिलाई मशीनची काळजी करू नकोस. ते अतिशय सुरक्षित जागी आहे. त्याला धक्का लागण्याची, पाणी लागण्याची, हरवण्याची कसलीही शक्यता नाही. एवढी खात्री मी दुसऱ्या कुठल्याही वस्तूची देऊ शकत नाही.

शेजारची रेश्मा तुझी आठवण काढत होती. गल्लीतल्या बायकाही विचारतात, काकू परत येणार का, संक्रांतीचे ब्लाऊज कुणाकडं टाकायचे. मी म्हटलं, आता सांगलीला या. त्या हसल्या, पण सगळ्याच हसल्या असं नाही.

उद्या निघतो. रहिमतपूर रस्त्यात नाही, नाहीतर तुला चार वाजता फाट्यावर उभी राहा म्हणालो असतो.

तुझा,
लालासाहेब

•

वाटेत, एका कारखान्याच्या आवारात, १४ जानेवारी २०२६

सौ. संयोगितास,

रामराम आणि संक्रांतीचा तिळगूळ. गोड बोल म्हणायची पद्धत आहे. तू बोललीस तरी पुरे.

पत्त्यावरून घाबरू नकोस. तब्येत ठणठणीत आहे. झालं ते असं. साताऱ्याच्या पुढं इंद्रजितला एका शेतकऱ्यानं हात केला. त्याचा तोडलेला ऊस फडात वाळत पडला होता, वाहन मिळत नव्हतं. इंद्रजित माझ्याकडं बघून म्हणाला, पुढची ट्रॉली रिकामी कशाला न्यायची? आता हेच वाक्य चार दिवसांपूर्वी मी त्याला ऐकवलं होतं. पुढच्या ट्रॉलीत ऊस भरला, मागच्या ट्रॉलीत आपला संसार, आणि वाट वाकडी करून आम्ही कारखान्यावर आलो.

आणि इथं कारखाना बंद. काहीतरी मोडलं आहे, सुरू व्हायला दोन दिवस लागतील म्हणाले. मागंपुढं शंभरेक उसाच्या गाड्या, आणि मधोमध आपलं कपाट, पलंग आणि तुळस. नंबर सोडून बाहेर पडता येत नाही. येणारेजाणारे वाकून बघतात. एकानं तुळशीला नमस्कार केला. दुसऱ्यानं मला विचारलं की तुम्हाला कारखान्यानं घर सोडायला लावलं का.

तीन दिवस झाले. आज सकाळी एकदाचे आम्ही काट्यावर पोचलो. तिथला कारकून नानासो चष्मा कपाळावर चढवून खाली आला. मागच्या ट्रॉलीभोवती फिरला आणि म्हणाला, "ह्यो कुठला वाण म्हनायचा?" मी म्हटलं, घरगुती. नियमात बसत नाही म्हणून त्यानं तिघांना फोन केले. शेवटी ठरलं की सगळ्याचं वजन करायचं, मग ऊस उतरवून पुन्हा वजन करायचं. तसं केलं. इंद्रजितच्या ट्रॅक्टरचं आणि दोन्ही ट्रॉल्यांचं रिकामं वजन त्याच्या कागदांवर होतंच. ते वजा केल्यावर आपला संसार निघाला एक टन एकशे नव्वद किलो. एवढं वजन करून घ्यायला बाहेर पैसे पडले असते, इथं फुकटात झालं. मी इंद्रजितला म्हटलंही, मशीन नाही तरी एवढं भरलं.

मशीन वेगळं ठेवलं आहे असं मला म्हणायचं आहे. मागचं पत्र वाच.

गादी नवीन घ्यावी लागेल. कारण विचारू नकोस. बरणीचं झाकण मात्र शाबूत आहे.

आता एक गोष्ट लिहितो, ती चेष्टेवारी नाही. इथं शेजारच्या रानात मेंढरं बसवली आहेत. धुळा आणि हरणाबाई असं जोडपं आहे, पूर्वेकडच्या दुष्काळी भागातलं. काल भोगी होती. मी आणि इंद्रजित चिवडा खात बसलेले बघून हरणाबाईनं हाक मारली आणि बाजरीची भाकरी, भाजी वाढली. तिचं सगळं घर दोन घोड्यांवर मावतं. ते लोक दर चार दिवसांनी मुक्काम हलवतात, आणि त्यांना त्याचा एक पैसा लागत नाही. मी मनात म्हटलं, हिच्याकडून शिकण्यासारखं आहे. म्हणून सामान हलवायची रीत विचारली.

ती म्हणाली, घोडी घेऊन आधी ती निघते. पुढच्या रानात जागा बघते, तीन दगड मांडते, चूल पेटवते. धुळा मेंढरं घेऊन मागनं येतो. धूर दिसला की त्याला कळतं आपलं घर कुठं आहे. मग आपल्या ट्रॉलीकडं बघून तिनं विचारलं, "बाई कुठाय तुमची?" मी म्हटलं, माहेरी. ती म्हणाली, "मग ह्ये काय घिऊन चाललाय? बाई म्होरं आन् सामान मागं, अशी रीत हाय. तुमचं समदं उलटंच हाय की."

मी दोन भाकरी खाल्ल्या होत्या, तिसरी मागणार होतो. नाही मागितली.

तुझा,
लालासाहेब

•

सांगली, १८ जानेवारी २०२६

संयोगिता,

सामान पोचलं. इंद्रजितनं उतरवायला मदत केली आणि डिझेलपुरते ठरलेले पैसेही पुरते घेतले नाहीत. म्हणाला, तुमच्यामुळं कारखान्यावर वेळ बरा गेला. कारखान्यावर आता मला सगळे ओळखतात.

सामान मी वर नेलेलं नाही. बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये आपल्या जागेवर लावलं आहे आणि मी तिथंच पलंग टाकून राहतो आहे. नव्या घरात पहिलं पाऊल जोडीनं टाकायचं असतं. एकट्यानं आत जाऊन बसलो तर ते घर होणार नाही, पलटणीची बरॅक होईल. वॉचमन जोतीराम म्हातारा आहे, तो काही म्हणत नाही. तिसऱ्या मजल्यावर गेलो, कुलूप काढलं, उंबऱ्याबाहेर उभा राहून आत बघितलं आणि पुन्हा कुलूप लावून खाली आलो.

बघायला गेलो ते बरं केलं की वाईट केलं, कळत नाही. बाहेरच्या खोलीत पूर्वेला मोठी खिडकी आहे. सकाळचा उजेड थेट फरशीवर पडतो. बघितल्याबरोबर डोक्यात आलं, इथं हिचं मशीन बसेल. डोळ्यांना त्रास होणार नाही. आणि मग आठवलं.

आता लिहितोच. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझं मशीन रेश्माला चार हजाराला विकलं.

सुरक्षित आहे म्हणालो ते खोटं नव्हतं. रेश्माच्या घरी आहे, तिच्या टीव्हीशेजारी. पण ते खरंही नव्हतं. लोखंडी स्टँड, जड टेबल, नेण्याचा खर्च, सांगलीत नवीन मिळेल, असा सगळा विचार मी केला. रागातही होतो. तू म्हणाली होतीस मलाच भंगारात घाला. तुला तर घालता आलं नाही, मशीन घातलं. हे मी आधी स्वतःशीही बोललो नव्हतो.

संयोगिता, मी सतरा वर्षं बॉर्डरवर होतो. तेवढी वर्षं त्या मशीनवर घर चाललं. माझा पगार यायचा त्याआधी तुझे फॉल-पिकोचे पैसे घरात आलेले असायचे. शिवतेजची पहिली फी त्यातली. आणि लोणंदच्या बायका तुझ्याकडं नुसत्या ब्लाऊजसाठी येत नव्हत्या, दोन घटका बसायला यायच्या. सांगलीला जायचं हे मी ठरवलं. तुला फक्त किल्ली दाखवली. तुझं गिऱ्हाईक तिकडं राहणार, हे माझ्या हिशेबात कुठंच नव्हतं. आणि मी समजत होतो, हिशेब फक्त मलाच कळतो.

उद्या लोणंदला जातो आणि मशीन परत आणतो. रेश्मानं नाही दिलं तर काय करायचं ते माहीत नाही. मी तुझ्या घरी येऊन उभा राहणार होतो, पण रिकाम्या हातानं कसा येऊ?

माफ कर म्हणून लिहितो. तोंडानं म्हणायची सवय नाही.

लालासाहेब

•

सांगली, २५ जानेवारी २०२६

संयोगिता,

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतो आहे. त्याचे किती पैसे पडले ते लिहीत नाही.

मशीन आणलं. रेश्मा आधी म्हणाली विकायचं नाही, मग म्हणाली आठ हजार. मी चार हजाराला दिलेली वस्तू आठला! पलटणीत असतो तर तिला मैदानाला चकरा मारायला लावल्या असत्या. पण मी गुपचूप पैसे मोजले. घासाघीस केली नाही, यावर तुझा विश्वास बसणार नाही. रेश्माचाही बसला नाही, तिनं नोटा दोनदा उजेडात धरून बघितल्या.

येताना एसटीनं आलो. साताऱ्यात गाडी बदलताना हमालाला पैसे दिले, कारण स्टँड आणि मशीन एकदम उचलेना. स्टँड मागच्या सीटच्या मागं ठेवलं, आणि वरचं मशीन चादरीत गुंडाळून खिडकीच्या जागेवर बसवलं. कंडक्टरीणबाई म्हणाली, सामानाला सीट मिळत नाही. मी म्हटलं, अख्खं तिकीट काढतो. कऱ्हाडपर्यंत मशीन बसून आणि मी उभा. ती म्हणाली, "काका, बायकोचं हाय व्हय?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, बायको बरोबर असती तर तिचं अर्ध्या तिकिटात भागलं असतं. एवढं स्वस्तात सुटलो असतो आणि ते आधी सुचलं नाही, याचं मला लय वाईट वाटलं.

आता अडचण सांगतो. अडचण मोठी आहे आणि ती तुलाच सोडवता येईल.

मशीन जोडून पार्किंगमध्ये ठेवलं. तेल घातलं, पुसलं, फिरवून बघत होतो. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या सोनिया नावाच्या बाई खाली आल्या. विचारलं, ब्लाऊज शिवून मिळतात का? मी हो म्हटलं. म्हणजे, आमच्या मंडळी शिवतात, असं म्हणायला हवं होतं. ते मी पुढच्या वाक्यात म्हणणार होतो. पण त्या वर गेल्या आणि एक कापड घेऊन आल्या. त्यांच्या बहिणीचं लग्न आहे. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं की खाली एक मिल्ट्रीवाले टेलर उतरलेत.

माझ्याकडं नऊ ब्लाऊज आले आहेत. प्रत्येकीनं मापाला जुना ब्लाऊज दिला आहे. मापं मी घेतलेली नाहीत, गैरसमज नसावा; शिवणाऱ्या आमच्या मंडळी आहेत हे मी मग प्रत्येकीला सांगितलं. कापड आणि मापाचा ब्लाऊज एकत्र बांधून चिठ्ठी लावली आहे: नाव, मजला, तारीख. लग्न बारा फेब्रुवारीला आहे. मी सगळ्यांना दहा तारीख देऊन बसलो आहे.

काल मी एकदा जुन्या कापडावर शिवण घालून बघितली. सुई मोडली. माझं बोट वाचलं. माझ्याच्यानं हे व्हायचं नाही.

खरं लिहू का? नऊ बायकांनी पार्किंगमध्ये येऊन विचारलं, "काकू कधी येणार?" आणि मी नऊ वेळा म्हटलं, येतील या आठवड्यात. नवव्या वेळी म्हणताना मला रुमाल काढून नाक पुसावं लागलं. त्या बाईला वाटलं मला सर्दी झाली आहे, तिनं हळद घालून दूध आणून दिलं. सांगलीत हळद चांगली मिळते.

तू आली नाहीस तर ही कापडं मी घरोघर परत देईन, त्याचं काही नाही. पण त्या खिडकीत दुसरं काही ठेवणार नाही. वरचं दार अजून बंद आहे. तू पुढं हो, मी सामान घेऊन मागनं येतो.

तुझा,
लालासाहेब

•

रहिमतपूर, २८ जानेवारी २०२६

हवालदारसाहेबांस,

संयोगिताचा नमस्कार. तुमची पाचही पत्रं मिळाली. वीरधवल रोज पोस्टमनची वाट बघतो. कारखान्याचं पत्र त्यानं माझ्या आधी वाचलं आणि गल्लीत सांगितलं.

मशीन विकलं हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही रेश्माकडं भाव करत होता तेव्हा तिनं स्वयंपाकघरात जाऊन मला फोन लावला. मीच तिला म्हटलं, घेऊन ठेव, न्हाईतर त्ये भंगारवाल्याला घालतील. वर हेही सांगितलं, की परत मागायला आले तर आठाच्या खाली द्यायचं नाही, आणि आले नाहीत तर तुझ्याकडंच ठेव.

मग मी तुमची पत्रं वाचत बसले. "अतिशय सुरक्षित जागी" हे वाचून मी आणि रेश्मा फोनवर अर्धा तास हसलो. पण रोज वाटायचं, हा माणूस कबूल करतोय का न्हाई. मी मशीनसाठी गेले नव्हते. बंबासाठीही नाही. फ्लॅट घेण्याआधी तुम्ही एकदा विचारलं असतंत, सांगलीला येतेस का, तर मी हो म्हटलं असतं. विचारलंच नाही. आता विचारलंत, तेही पार्किंगमध्ये बसून.

रेश्माला तिचे चार हजार राहिले. वरचे चार तिनं मला पाठवले. त्यातून मी इथला एक टेम्पो ठरवला आहे, पुढं सीटवर बसून येणार. वीरधवलनं पलंगावर घालायला नवी गादी घेतली आहे, ती मागं असेल. रविवारी दुपारपर्यंत पोचते. टेम्पोवाल्याशी भाव करायला जाऊ नका, पैसे देऊन झालेत.

माझ्या आधी वर जाऊ नका, एवढे दिवस थांबलात तसे आणखी चार दिवस थांबा. उतू घालायचं दूध मी आणते.

आणि त्या नऊ जणींना अस्तर लावायचं की नाही ते विचारलंत का? विचारलं नसणारच. हे पत्र मिळेल त्याच संध्याकाळी एकेका मजल्यावर जाऊन विचारून या आणि चिठ्ठीवर लिहून ठेवा. दहा तारीख तुम्ही दिलीत, मला आल्या आल्या कापायला बसायचं आहे.

तुमची,
संयोगिता